शियाच्या गोवऱ्या

आईनं आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा शियाचं, म्हणजे एका आफ्रिकी झाडाच्या बियांचं, लोणी काढलं, त्या दिवशी शाळेतून आल्यावर दारात बूट काढता काढताच मी ओरडले, "आई, काहीतरी करपलंय!" आतून तिचा आवाज आला, "करपलं नाहीये, भाजतेय." गॅसवरच्या कढईत सुपारीएवढे काळपट तपकिरी दाणे चटचट करत होते. ओट्यावर मिक्सरचं भांडं तेलकट होऊन पडलं होतं, आणि कणीक मळायच्या परातीत आई दोन्ही हातांनी चॉकलेटी चिखल कालवत होती. मध्येच थोडं पाणी घालायची, पुन्हा कालवायची. दंड दुखायला लागले की थांबून पंख्याकडे तोंड करून उभी राहायची. बराच वेळ काहीच होत नव्हतं. मग हळूहळू तो चिखल फिकट होत गेला, घुसळलेल्या ताकावर लोणी यावं तसा पांढुरका फेस वर आला, आणि आई एकदम लहान मुलीसारखी हसली. "आलं! सायली, आलं बघ!" संध्याकाळी आम्ही खालच्या हॉकर सेंटरमधून, खाण्याच्या टपऱ्यांवरून, नूडल्स आणून जेवलो, कारण परात कितीही घासली तरी पोळ्या करण्याजोगी होईना.

तेव्हा आम्ही सिंगापुरात जुरोंग ईस्टला एका कॉन्डोत भाड्यानं राहत होतो. बाबा जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये भट्ट्यांच्या विभागात इंजिनिअर होता. सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसनं जायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. आई लग्नाआधी पुण्याला साबणाच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करायची. तेलं आणि चरबी हा तिचा विषय. सिंगापूरला आल्यावर तिचं ते सगळं मागे राहिलं. ती कधी तक्रार करायची नाही, पण दुकानात साबण घेतला की वेष्टनावरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचायची, आणि मी कंटाळून पुढे निघून जायचे.

शिया आमच्या घरात आणला आयरीन आंटीनं. ती आमच्याच मजल्यावर राहायची, चिनी वंशाची, नवरा गेलेला. हातानं साबण आणि क्रीम बनवून विकण्याचा तिचा छोटासा धंदा होता. त्यासाठी लागणारं लोणी ती आफ्रिकेतून, घानाच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या बायकांच्या गटाकडून मागवायची. शियाची झाडं तिथं रानात आपोआप वाढतात. खाली पडलेली फळं बायका वेचून आणतात, आतल्या बिया उकडून, वाळवून, फोडून, भाजून, दळून, पाण्यात कालवून लोणी काढतात आणि शेवटी ते कढवतात. दर टप्प्याला चूल पेटते. चुलीला लाकूड लागतं, आणि जवळचं लाकूड संपलं की लोक शियाच्याच झाडावर कुऱ्हाड चालवतात. लोणी देणारं झाड लोणी कढवायला जाळायचं, हे आईला आयरीन आंटीकडूनच कळलं. मग तिनं विचारलं, "लोणी काढल्यावर खाली जो चोथा उरतो, त्याचं काय करतात?"

"थ्रो अवे, लाह," आयरीन आंटी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "सो मेस्सी."

आईला उत्तर तिथल्या तिथे सुचलं. पुण्याजवळच्या तिच्या आजोळी शेण थापून गोवऱ्या लावलेल्या तिनं लहानपणी पाहिल्या होत्या, थापल्याही होत्या. शियाच्या चोथ्यात तर थोडी चरबीही उरते, म्हणजे तो शेणापेक्षा चांगला जळणार. चोथ्याच्या गोवऱ्या थापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि लाकडाऐवजी चुलीत घालायच्या. फेकून द्यायची घाण कामाला येईल आणि झाडं वाचतील. आयरीन आंटीनं पोतंभर बिया आणून दिल्या, आणि आमचं घर त्या पोत्याभोवती फिरू लागलं. बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या जागेवर आता तपकिरी चकत्या वाळत असायच्या. माझ्या शाळेच्या स्कर्टला तो वास लागायचा आणि मी चिडून तो दोनदोनदा धुवायचे.

वाळलेल्या गोवऱ्या जाळून बघायच्या तर घरात शक्य नव्हतं. कॉन्डोच्या तरणतलावाशेजारी रहिवाशांसाठी बार्बेक्यूचे कट्टे होते, ते आधी नाव नोंदवून मिळायचे. लोक तिथं शनिवारी कोंबडी भाजायचे, काडीला टोचलेले मांसाचे साते लावायचे, बियरचे डबे उघडायचे. आई दुपारी, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून, पातेलं, थर्मामीटर आणि गोवऱ्यांची पिशवी घेऊन तिथं जायची. एकदा माझ्या वर्गातल्या मुली पोहायला आल्या होत्या. त्यातली एक पाण्यातूनच मला म्हणाली, "ए सायली, युअर मम बर्निंग व्हॉट? काऊ डंग, इज इट?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आईनं माझ्याकडे पाहून हात हलवला, तेव्हा मी टॉवेल नीट करायच्या निमित्तानं मान खाली घातली. त्या वयात आईबापांची लाज सगळ्यांनाच वाटते असं नंतर कुणीकुणी मला सांगितलं. असेल. पण पुढे जे झालं त्याच्यापुढे ही लाज म्हणजे काहीच नव्हती.

त्याच कट्ट्यावरचा एक रविवार मला लख्ख आठवतो. बाबा खाली आमच्याबरोबर आला होता, पण लांबच्या आरामखुर्चीवर मोबाइलवर मॅच बघत बसला होता. गोवरी पेटली होती आणि पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. समुद्राकडून येणारा वारा धूर लगेच पळवून नेत होता. आईनं हाक मारली, "मिलिंद, जरा येऊन बघतोस का? धूर मला जास्त वाटतोय. पिवळट आहे."

"जळतंय ना?" बाबानं मान वर न करता विचारलं.

"जळतंय, पण तू भट्ट्यांचा माणूस आहेस, म्हणून म्हटलं."

"मेधा, तिथं तीन दगडांची चूल असते. हा काही प्लँट नाहीये. पाणी उकळलं ना? मग झालं तर." मग स्वतःशीच हसून म्हणाला, "आठवडाभर भट्ट्याच बघतो, रविवारी तरी सोड."

आई थोडा वेळ धुराकडे बघत उभी राहिली. मग तिनं पातेलं उतरवलं. मी जवळच कलिंगड खात बसले होते, म्हणून यातला शब्द न शब्द मी ऐकला.

पुढचे महिने आमच्या घरातले सगळ्यात आनंदाचे होते, हेही सांगायला हवं. संध्याकाळी, म्हणजे तिकडची सकाळ, आई लॅपटॉप डायनिंग टेबलावर उघडायची आणि समोर अझारा यायची. अझारा ही त्या गावातल्या बायकांच्या गटाची प्रमुख, उंच, खणखणीत आवाजाची. तिला इंग्रजी यायचं, पण तिचं इंग्रजी आईला आणि आईचं तिला पहिल्यांदा कळायचं नाही, म्हणून मला मध्ये बसावं लागायचं. मागून कोंबड्या, पोरं, मुसळाचे ठोके असे आवाज यायचे. आमच्या बाजूनं कुकरच्या शिट्ट्या. "तुमच्या घरात कोण ओरडतंय?" एकदा अझारानं विचारलं, आणि आईनं कुकर उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, तेव्हा पलीकडच्या सगळ्या बायका हसून लोळल्या. त्यांच्यात फाती नावाची एक वयस्कर बाई होती, लोणी कढवण्यात सगळ्यांत तरबेज. ती कधी बोलायची नाही, मागे स्टुलावर बसून आमच्याकडे रोखून पाहायची. आई गोवरी कशी थापायची ते कणकेचा गोळा घेऊन दाखवायची. मग त्या थापायच्या. त्यांच्या भिंतीवर ओळीनं लावलेल्या गोवऱ्यांचा फोटो आला तेव्हा आईनं तो मोठा करून फ्रिजवर लावला. ती गुणगुणायला लागली होती. भाजी चिरताना, केस विंचरताना. पुन्हा कामावर जाणाऱ्या बाईसारखी ती सकाळी लवकर आवरायची, जरी जायचं कुठेच नसायचं.

जुरोंगकडच्या मराठी कुटुंबांचा आमचा एक गट होता. गणपती, दिवाळी, संक्रांत असं सगळं मिळून करायचो. गटाचे अध्यक्ष साठे काका, फार उत्साही माणूस. आईच्या गोवऱ्यांची बातमी त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी संक्रांतीच्या कार्यक्रमात तिचा सत्कार ठरवला. "वहिनी, सिंगापुरात बसून आफ्रिकेतली झाडं वाचवताय! आमच्या पोरांना कळू दे की." आई लाजून नको नको म्हणाली, पण तिनं कपाटातून जांभळी पैठणी काढली, हँगरला लावली, आणि येताजाता तिच्यावरून हात फिरवू लागली. बाबाही खूश होता. ऑफिसातल्या दोघांना सहकुटुंब बोलावलं होतं त्यानं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी अझाराचा कॉल आला. ठरलेला नव्हता. आई तिळाच्या वड्या थापत होती, तिनं हात पुसले आणि मला हाक मारली. पडद्यावर अझारा एकटीच होती. मागे कोंबड्यांचा आवाजही नव्हता, नुसता वारा. ती नेहमीसारखी हसली नाही. ती हळू, एकेक वाक्य तोडून बोलली, आणि या वेळी मला मध्ये बसावं लागलं नाही. आईला सगळं समजत होतं.

त्या दिवसांत तिकडे वाळवंटाकडून धुळीचा कोरडा वारा सुटतो. लोण्यात धूळ जाऊ नये म्हणून बायका लोणी कढवायचं काम उघड्यावर करत नाहीत, आतल्या बुटक्या शेडमध्ये दार लावून करतात. मोठी मागणी होती, आयरीन आंटीची. सगळ्यांनी मिळून ते लोणी गोवऱ्यांवर कढवलं होतं. शेडमध्ये इतका धूर कोंडला की बायकांचे डोळे सुजले, पोरींना उलट्या झाल्या. फाती चुलीपाशी सगळ्यांत जास्त वेळ बसली, कारण लोणी कधी उतरवायचं ते तिलाच कळायचं. ती तिथंच कोसळली होती. तिला गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं आणि तिचा श्वास अजून नीट होत नव्हता. आणि सगळ्या लोण्याला धुराचा वास लागला होता.

"आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला," अझारा म्हणाली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आईनं तोंडावर हात ठेवला. तिच्या बोटांना तीळ चिकटलेले होते.

बाबा घरी आला तेव्हा आई तशीच टेबलाशी बसली होती. तिनं त्याला सांगितलं. तो ऐकताना उभाच होता, पाठीवरची बॅगही उतरवली नव्हती. "फाती बरी होईल," तो शेवटी म्हणाला. "होईल. पण उद्या काही बोलू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्यक्रमात. साठ्यांनी शाल आणलीय, लोक येणार आहेत. शाल घे, दोन शब्द बोल, घरी ये. नंतर सावकाश बघू काय करायचं ते."

"मिलिंद, ती बाई दवाखान्यात आहे. आणि मी त्याबद्दलच सत्कार घेऊ?"

"मग तब्येत बरी नाही म्हणून सांगतो साठ्यांना."

"तेही खोटंच."

बाबा आंघोळीला गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आईनं वड्या डब्यात भरल्या. एकही वडी मोडली नाही, याचं मला फार आश्चर्य वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पैठणी नेसून गेलीच. मला वाटलं, बाबाचं ऐकलं तिनं. एका कम्युनिटी क्लबचा हॉल होता. खुर्च्या लावलेल्या, कोपऱ्यात साबुदाणा वडे आणि चहा, लहान मुलं हलव्याचे दागिने घालून पळत होती. आयरीन आंटी पहिल्या रांगेत. तिला अजून काही माहीत नव्हतं. बाबाच्या ऑफिसातली मंडळी आमच्या शेजारी. साठे काकांनी आईचं कौतुक केलं, भिंतीवर गोवऱ्यांचा तो फोटो दाखवला, टाळ्या झाल्या. मग त्यांनी शाल उलगडली. आईनं हात जोडले आणि एक पाऊल मागे घेतलं. "साठे काका, थांबा. आधी मला बोलू द्या."

माइकमुळे तिचा आवाज कोपऱ्यातल्या चहापर्यंत पोचला. "ही शाल मला घेता येणार नाही. मी सांगितलेल्या गोवऱ्यांच्या धुरानं तिथल्या बायका आजारी पडल्यात. एक जण दवाखान्यात आहे. मी इथं मोकळ्या वाऱ्यात करून बघितलं. त्या कुठे बसून काम करतात ते मी विचारलंसुद्धा नाही. मला बरं वाटत होतं ना, कुणीतरी माझं ऐकतंय म्हणून. तेवढ्यावरच मी खूश होते." मग ती आयरीन आंटीकडे वळली आणि तेच इंग्रजीत, मोडकंतोडकं, पुन्हा म्हणाली. आयरीन आंटीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईनं ते घाईनं बाहेर नेलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. माझ्या मैत्रिणी मागच्या रांगेत होत्या, आणि माझी आई पैठणी नेसून, सगळ्यांसमोर, आपण लोकांना आजारी पाडलं असं सांगत होती.

साठे काका भला माणूस. शांतता मोडावी, आईला थोडं सावरून घ्यावं म्हणून ते हसत म्हणाले, "अहो वहिनी, पण घरात एवढा भट्ट्यांचा इंजिनिअर असताना त्यांना नाही का विचारलंत?"

लोक सुटकेनं हसले. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. आईनंही बाबाकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा क्षण. मला वाटलं, आता तो उठेल. नुसता हात वर करेल. "विचारलं होतं" एवढे दोनच शब्द. बाबा समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता. त्यानं शर्टाची बाही नीट केली. त्याचे कान लाल झाले होते.

आई माइककडे वळली. "नाही," ती म्हणाली. "चूक माझीच आहे."

आज इतक्या वर्षांनी पुण्याच्या घरात हे लिहिताना, शेजारच्या खोलीत बाबा पेपर वाचतोय. मी हे लिहितेय हे त्याला ठाऊक आहे. तो म्हणाला, "लिही, माझं काही सोडू नकोस." पण त्या संध्याकाळची माझी लाज मला अजून नीट मांडता येत नाही. आईची लाज मला आधी वाटली होती, ती त्या एका क्षणात बाबाकडे सरकली, आणि त्याच्याकडे सरकली तेव्हा ती फार जड झाली. आई बोलली म्हणून मला तोंड लपवावंसं वाटलं होतं. बाबा बोलला नाही म्हणून मला त्याच्या शेजारी बसवेना. आणि तरी मी तिथंच बसून राहिले, कारण उठले असते तर लोकांनी विचारलं असतं, का उठलीस.

घरी येताना एमआरटीच्या मेट्रोत आम्ही तिघं तीन ठिकाणी उभे होतो. गाडीत जागा रिकामी होती. नंतरचे दिवस घरात आवाजच नव्हते. आई गुणगुणायची थांबली, कुकरसुद्धा हळू शिट्टी देतोय असं वाटायचं. आमटी-भात व्हायचा, ताटं वाढली जायची, "मीठ दे" एवढंच बोलणं. आयरीन आंटीनं एकदा दारात उभं राहून सांगितलं, लोणी आलं, उघडून पाहिलं, क्रीमसाठी नाही चालणार. "स्मेल लाइक बार्बेक्यू, मेधा. हाऊ टू सेल?" आईनं हात जोडून सांगितलं, परत पाठवू नकोस, त्यांचे कितीतरी दिवस गेलेत त्यात. शेवटी आयरीन आंटीनं ते साबणासाठी घेतलं. साबणाच्या लोण्याला क्रीमच्या लोण्याचा भाव मिळत नाही, आणि ते नुकसान शेवटी त्या बायकांनीच सोसलं. गटातल्या कुणी आईला काही बोललं नाही. फक्त फोन कमी झाले. एका बाईनं लिफ्टमध्ये मला विचारलं, "आई बरी आहे ना आता?" जणू ती आजारी होती.

बाबाशी मी बोलत नव्हते. त्यानं एकदा माझ्या खोलीच्या दारात येऊन "अभ्यास झाला?" असं विचारलं. मी मान वर न करता "जळतंय ना, मग झालं तर," असं म्हणाले. मुद्दाम, त्याच्याच आवाजात. तो तसाच उभा राहिला. मग निघून गेला.

त्यानंतरच्या कॉलला तो आला. संध्याकाळ होती, तो नुकताच बसमधून उतरून आला होता, गळ्यात पास तसाच. आई अझाराला फातीबद्दल विचारत होती. फाती घरी आली होती, पण चुलीपाशी बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती. बाबानं एक खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसला. आईनं दचकून त्याच्याकडे पाहिलं.

"माझं नाव मिलिंद," तो इंग्रजीत म्हणाला. "मी मेधाचा नवरा. माझं कामच भट्ट्यांचं आहे. धूर का होतो, हे बघायचा मला पगार मिळतो. तिनं मला धूर बघायला बोलावलं होतं. मी खुर्चीतून उठलो नाही." तो थांबला. त्यानं गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. "नंतर लोकांसमोर तिनं सगळं स्वतःवर घेतलं, तेव्हाही मी उठलो नाही."

पलीकडे अझारा त्याच्याकडे बघत होती. वाऱ्यानं तिच्या डोक्याचं फडकं हलत होतं. मग ती म्हणाली, "सो. नाऊ यू विल लुक?"

"येस," बाबा म्हणाला.

तिनं फोन हातात घेतला आणि चालत त्याला सगळं दाखवलं. शेड, बुटकं छप्पर, एकच दार, धुरानं काळी झालेली भिंत. त्यानं एक गोवरी मोडून दाखवायला सांगितली. बाहेरून खडखडीत वाळलेली, आतून ओली आणि तेलकट. बाबानं डोळे मिटले. "हवा जायला जागा नाही, आत ओल, वर चरबी," तो आईला मराठीत म्हणाला. "मी नुसती हातात धरली असती ना एकदा, तरी कळलं असतं." आईनं आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

त्यानंतर रविवारी आम्ही तिघंही बार्बेक्यूच्या कट्ट्यावर असायचो. बाबानं जुन्या पत्र्याच्या डब्यांची बुटकी शेड केली, आत डोकं घालून खोकत बसायचा. गोवऱ्या पातळ झाल्या, मधोमध भोक आलं, मेदुवड्यासारखं. चुलीखालून हवेला वाट, मागे धुराड्याची नळी. वॉचमननं दोनदा येऊन हटकलं. मैत्रिणी पाण्यातून बघायच्या. त्यांनी काही विचारलं तर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

हे सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. नवी चूल तिथं पोचायला फार वेळ लागला. काही बायकांनी ती घेतली, काहींनी नाही. बिया उकडायला आणि भाजायला गोवऱ्या चालू लागल्या, पण लोणी कढवायला बायका अजून लाकूडच वापरायच्या, कारण तिथं त्यांचा आमच्यावर विश्वास बसेना. झाडं वाचली असतील, थोडी. फातीनं तर गोवरीला हातच लावला नाही. पुढच्या मोसमात एका कॉलवर आईनं अझाराला विनंती केली, मला फातीशी बोलू दे. फाती आली. आईनं तिच्या भाषेतला माफीचा शब्द शिकून घेतला होता, तो ती म्हणाली. फातीनं ऐकून घेतलं, आणि मग पहिल्यांदाच ती आमच्याशी बोलली, लांबलचक. अझारा जरा कचरली, मग तिनं सांगितलं. "ती म्हणते, पडद्यातून माफी मागणं सोपं आहे. ती म्हणते, इकडे ये. शेडमध्ये बस. स्वतः फुंक."

आईनं मागे वळून बाबाकडे पाहिलं. तो म्हणाला, "जा."

ती गेली. पासपोर्ट, व्हिसा, लसी, सुती ड्रेस, तिकडच्या मुलींसाठी चॉकलेटं. घरात मी आणि बाबा उरलो. आम्ही खिचडी करायचो, ती खाली लागायची, आणि तशीच खायचो. तिचा फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला तर ती थोडंच बोलायची. फातीनं पहिले काही दिवस तिच्याकडे पाहिलंही नाही, नंतर पाणी आणायला लावलं, त्याच्यानंतर चुलीशेजारी बसू दिलं.

चांगी विमानतळावर तिला घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. काचेच्या दारातून ती आली ती ओळखूच आली नाही. उन्हानं रापलेली, बारीक झालेली, डोळे लालसर. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. बाबा पुढे झाला, तिची बॅग घेतली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत तिथंच उभा राहिला. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

आई खोकली, हातरुमालानं तोंड पुसलं. "अजून धूर होतो, मिलिंद," ती म्हणाली. "कमी झालाय. पण होतो."

"बरं," बाबा म्हणाला. "कुठून येतो ते सांग."

आणि टॅक्सीच्या रांगेत उभं राहून ती त्याला सांगू लागली.